आधी वेग, मग विस्तार

2025 च्या जुलैमध्ये टिळकनगर इंडस्ट्रीज या कंपनीने ‘इम्पिरिअल ब्लू’ हा व्हिस्कीचा ब्रँड पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडून विकत घेण्याचा करार जाहीर केला. किंमत सुमारे 4,150 कोटी रुपये. या कंपनीचं मूळ श्रीरामपूरलगतच्या टिळकनगरात आहे. महादेव डहाणूकरांनी 1933 साली महाराष्ट्र शुगर मिल्स उभी केली, ती साखरेकडून मद्यनिर्मितीकडे वळली आणि आजच्या आकाराला आली. त्याच श्रीरामपुरात दोन लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि पाच-सहा कामगार यांच्या जोरावर चालणारं वर्कशॉप असतं, हार्डवेअरचं दुकान असतं, मसाल्याची गिरणी असते, बेकरी असते. या सगळ्यांनाही वाढायचंच असतं. ‘वाढ’ हा शब्द एकच असल्यामुळे रस्ताही एकच असेल असं वाटतं, आणि लहान धंद्याचे बरेचसे घात इथूनच सुरू होतात. मोठी कंपनी वाढते ती नवी बाजारपेठ, नवी शाखा, नवं कर्ज, नवी जाहिरात अशा पायऱ्यांनी. लहान धंद्याने त्याच पायऱ्या छोट्या मापात चढायचा प्रयत्न केला, तर विक्री वाढत असतानाच तो अडचणीत येऊ शकतो. लहान धंद्याने आधी आपल्या पैशाचा आणि आपल्या वेळाचा वेग वाढवावा, विस्तार त्यानंतर करावा, आणि हा क्रम उलटा करू नये, एवढाच या लेखाचा मुद्दा आहे.

हा फरक केवळ आकाराचा नाही, हे 1981 साली जॉन वेल्श आणि जेरी व्हाइट या दोन अभ्यासकांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या एका लेखात ठामपणे मांडलं. लहान धंद्याची खरी ओळख त्यांनी साधनांच्या दारिद्र्यात शोधली. पैसा कमी, माणसं कमी आणि चूक पचवायची ताकद त्याहून कमी. मोठ्या कंपनीने चुकीचा मॅनेजर नेमला तर एका विभागाचं नुकसान होतं. सहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये एक चुकीचा माणूस आला तर सहावा हिस्सा धंदा बिघडतो. मोठी कंपनी शेअर विकून भांडवल उभारते, बँकांच्या गटाकडून कर्ज घेते आणि हप्ते थकले तरी सावकारांबरोबर बसून कर्जाची पुनर्रचना करून घेते. टिळकनगर इंडस्ट्रीजनेही कर्जाच्या ताणाचा काळ पाहिला, त्यातून ती बाहेर आली आणि मगच एवढ्या मोठ्या खरेदीला हात घातला. त्या खरेदीतही किमतीचा काही भाग चार वर्षांनी द्यायचा ठरला आहे. लहान धंदेवाल्याला ही सवड कोण देतो? त्याचा हप्ता थकला की राहत्या घरावर नोटीस लागते, कारण तारण म्हणून तेच घर ठेवलेलं असतं. चूक पचवायची ताकद कमी असल्यामुळे त्याचं वाढीचं गणितही वेगळं मांडावं लागतं.

ते गणित एका नमुन्याच्या वर्कशॉपवर मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. वाचकाने त्या जागी स्वतःचे घालावेत. महिन्याला 6 लाखांची बिलं होतात. त्यात लोखंड आणि इतर माल 3 लाख 60 हजारांचा, मजुरी, वीज आणि भाडं मिळून दीड लाख, म्हणजे हातात उरतात 90 हजार. लोखंड रोखीने आणावं लागतं आणि साधारण महिनाभराचा माल कायम वर्कशॉपमध्ये पडून असतो. गिऱ्हाईक बिलाचे पैसे 60 दिवसांनी देतं. आता किती पैसा अडकला आहे? दोन महिन्यांच्या कामाचा खर्च 10 लाख 20 हजार, अधिक पडून असलेला माल 3 लाख 60 हजार, एकूण 13 लाख 80 हजार. उद्या मोठी ऑर्डर आली आणि विक्री दुप्पट झाली, तर हा आकडाही दुप्पट होणार. म्हणजे आणखी 13 लाख 80 हजार आधी खिशातून घालावे लागतील आणि वाढलेला नफा त्यानंतर दिसेल. जुन्या नफ्यातून घरखर्चाचे 50 हजार काढले तर महिन्याला 40 हजार शिल्लक पडतात. त्या शिलकेतून एवढी रक्कम उभी करायला जवळजवळ तीन वर्षं लागतील. ऑर्डर मात्र पुढच्या महिन्यातच पुरी करायची असते. मग सोनं गहाण पडतं, पतसंस्थेत चक्कर होते, हातउसने घेतले जातात, आणि ‘धंदा तर जोरात आहे, पण पैसा दिसत नाही’ हे वाक्य ऐकू येऊ लागतं.

हेच गणित उलट्या बाजूने करून पाहावं. विक्री तेवढीच ठेवली, एकही नवं गिऱ्हाईक जोडलं नाही, फक्त 60 दिवसांची वसुली 30 दिवसांवर आणली, तर अडकलेल्या पैशातले 5 लाख 10 हजार मोकळे होतात. आता 6 लाखांचं काम चालवायला 8 लाख 70 हजार पुरतात. म्हणजे पूर्वीच्या त्याच 13 लाख 80 हजारांवर महिन्याला साडेनऊ लाखांचं काम पेलता येतं. कर्जाचा एक रुपयाही न घेता दीडपटीहून जास्त वाढ! कारखाना ज्या तालुक्यात आहे तिथल्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजवायला नको. ऊस किती येणार याचा अंदाज न घेता गाळपक्षमता वाढवली, तर नवे रोलर रिकामे फिरतात आणि व्याज मात्र चालू राहतं. लहान धंद्याचा ऊस म्हणजे त्याची रोकड. ती वेळेवर येत नसेल तर मशीन कितीही वाढवली तरी गाळप होणार नाही.

श्रीरामपुरात या रोकडीला ऋतू असतात, हेही धरून चालावं लागतं. भंडारदऱ्याच्या पाण्यावर, प्रवरेच्या कालव्यांच्या काठी वाढलेला हा ऊसपट्टा आहे. दिवाळीच्या आसपास कारखान्याची मोळी पडते आणि गाळप उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर 15 टक्के व्याजासह. ही रक्कम वेळेवर आली की नाही, हे पंपाच्या, पाइपच्या, कपड्याच्या आणि सोन्याच्या दुकानांत लगेच कळतं. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीला येतात, कांद्याचे भाव नशिबावर असतात, दुधाचा पगार तेवढा वर्षभर ठरावीक दिवसांनी होतो. मोठी कंपनी अनेक राज्यांत विकते, त्यामुळे एका तालुक्याचा हंगाम बिघडला तरी तिचं वर्ष बिघडत नाही. श्रीरामपूरच्या दुकानाचं बिघडतं. म्हणून इथल्या धंद्याने वाढीसाठी नवं गिऱ्हाईक शोधताना ते किती मोठं आहे यापेक्षा त्याचा पैसा कोणत्या महिन्यात येतो हे आधी बघावं. उसाच्या पैशावर चालणाऱ्या दुकानाने दुधाच्या पगारावरचं गिऱ्हाईक जोडलं, कारखान्याची कामं करणाऱ्या वर्कशॉपने दूध संकलन केंद्रांची, शाळांची किंवा शिर्डीच्या हॉटेलांची कामं धरली, तर विक्री थोडीच वाढली तरी वर्षाच्या बारा महिन्यांत गल्ला सारखा होतो. एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त धंदा येत असेल, तर ती वाढ कागदावर कितीही गोड दिसो, प्रत्यक्षात ती बिनपगारी नोकरीच असते.

वसुली लवकर कशी करायची? इथे कायदा लहान उद्योगाच्या बाजूने आहे, पण त्याचा वापर बिल हातात देतानाच सुरू करावा लागतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. 2023 साली आयकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीने याला धार आली. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा करता येते. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या खरेदीदाराचा हिशेबनीसच विचारू लागतो, तुमचा उद्यम नोंदणी क्रमांक आहे का? हा क्रमांक ऑनलाइन आणि विनाशुल्क मिळतो. तो बिलाच्या माथ्यावर, जीएसटी क्रमांकाच्या शेजारी छापून घ्यावा. बिलावर पैसे देण्याची शेवटची तारीख लिहावी. ‘30 दिवस’ असं मोघम न लिहिता थेट तारीखच लिहावी. माल उतरवताना चलनावर सही आणि शिक्का घ्यावा, कारण दिवस मोजायला सुरुवात तिथून होते. आणि महिना संपायची वाट न बघता, काम झालं त्याच दिवशी बिल पाठवावं. कित्येक वर्कशॉपांत काम 5 तारखेला होतं आणि बिल 30 तारखेला जातं. हे 25 दिवस गिऱ्हाइकाने मागितलेले नसतात, आपणच ते त्याला फुकट दिलेले असतात. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ‘ट्रेड्स’ या बिलवटवणीच्या मंचावर नोंदणी बंधनकारक आहे. अशा कंपनीला माल देत असाल, तर तिने मान्य केलेलं बिल तिथे वटवून मुदतीआधी पैसे घेता येतात.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की कायद्याचं नाव काढलं की गिऱ्हाईक तुटतं. आक्षेप खोटा नाही. व्याजाची नोटीस हा शेवटचा उपाय आहे आणि तो संबंध संपवायची तयारी असेल तेव्हाच वापरावा. पण कायद्याची ताकद फक्त नोटिशीत नसते. मुदतीचा उल्लेख कोटेशनमध्ये आणि बिलात पहिल्या दिवसापासून असला, तर पैसे मागणं ही विनवणी राहत नाही, ठरलेल्या गोष्टीची आठवण होते. दुसरं, कायद्याचं हे संरक्षण वस्तू बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या उद्योगांना आहे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. त्यामुळे दुकानदाराला उधारीची शिस्त स्वतःच लावावी लागते. उधारी बंद करा, हा सल्ला श्रीरामपूरच्या बाजारात कोणी देऊ नये. ऊस तुटेपर्यंत थांबणारं दुकानच इथे शेतकऱ्याला आपलं वाटतं. मर्यादा मात्र घालता येते. उधारीच्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन आकडे लिहावेत, जास्तीत जास्त किती आणि कधीपर्यंत. महिन्यातून एकदा वही नावांप्रमाणे न वाचता वयाप्रमाणे वाचावी. 30 दिवसांच्या आतली उधारी कोणती, 60 दिवसांची कोणती, गेल्या हंगामातली अजून कोणती लोंबतेय? गेल्या हंगामातली रक्कम फेडली नाही तोवर नवी रक्कम नाही, एवढा एक नियम जरी पाळला, तरी वहीतली बरीच रक्कम पुन्हा मालात फिरू लागते. आणि उधारीवर विकलेल्या मालाचा भाव रोखीच्या भावाइतकाच असेल, तर दुकानदार रोखीने देणाऱ्या गिऱ्हाइकाला शिक्षा करतो आहे. रोखीला उघडपणे दोन-तीन टक्के सूट देणं हे त्याहून न्याय्य.

पैशाइतकीच दुसरी अडचण मालकाच्या दिवसाची आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ एडिथ पेनरोज यांनी 1959 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दाखवलं, की कंपनी किती वेगाने वाढू शकते याची मर्यादा तिच्या व्यवस्थापनाच्या क्षमतेत असते. ज्यांना धंद्याची आतली माहिती आहे, अशी माणसं एका दिवसात तयार होत नाहीत. लहान धंद्यात असा माणूस एकच असतो, मालक. कोटेशन तोच देतो, माल तोच आणतो, कामगाराची सुट्टी तोच मंजूर करतो, वसुलीला तोच जातो आणि मशीन बिघडली की मेकॅनिकला फोनही तोच लावतो. विक्री वाढते तसा त्याचा दिवस भरत जातो, मग कोटेशन द्यायला चार दिवस लागतात, मोजमाप चुकतं, जुनं गिऱ्हाईक नाराज होतं. मोठ्या कंपनीचं बघून इथे सेल्समन नेमायचा विचार होतो. पण नवा सेल्समन नवीन काम आणतो, म्हणजे ज्या माणसाकडे आधीच वेळ नाही त्याच्याच डोक्यावर ओझं वाढवतो. म्हणून पहिली नेमणूक करायची ती वेळ मोकळा करणाऱ्या माणसाची. बहुतेक वेळा ती अर्धवेळ हिशेब आणि वसुली सांभाळणाऱ्या व्यक्तीची असते. नेमणुकीआधी एक आठवडा मालकाने दर तासाला काय केलं ते वहीत लिहावं आणि प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारावा, हे माझ्याशिवाय कोणी केलं तर नुकसान होईल का? ज्या कामांचं उत्तर ‘नाही’ येतं, ती कागदावर उतरवून दुसऱ्याकडे द्यावीत. नेहमीच्या कामांचं दरपत्रक, मालाची यादी, प्रत्येक ऑर्डरचं कार्ड, एवढं लिहून ठेवलं तरी रोजचे निम्मे प्रश्न मालकापर्यंत येत नाहीत. लहान धंद्याला ‘सिस्टीम’ लागते ती एवढीच. मोठ्या कंपनीसारखे विभाग, पदं आणि मीटिंगा आणल्या, तर मालकाचा उरलेला वेळही त्यातच जातो.

तिसरी गोष्ट दराची. मोठ्या कंपनीशी लढायचं म्हणजे दर पाडायचा, अशी समजूत घट्ट आहे. आपल्या वर्कशॉपच्या उदाहरणात 100 रुपयांच्या बिलात 60 रुपये माल आहे, म्हणजे मजुरी, भाडं आणि नफा यांसाठी 40 रुपये उरतात. दर 10 टक्क्यांनी उतरवला की उरतात 30. पूर्वीइतकीच रक्कम हातात यायची तर काम एक-तृतीयांशाने वाढवावं लागेल, आणि वाढीव कामात वाढीव पैसा पुन्हा अडकेल. मोठ्याचा स्वस्तपणा वेगळ्या पायावर उभा असतो. डीमार्टचं पहिलं दुकान 2002 साली पवईत निघालं आणि कंपनी शेअर बाजारात आली ती 2017 मध्ये. तिची ख्याती पुरवठादारांना लवकर पैसे देऊन दर पाडून घेणं आणि दुकानांच्या जागा शक्यतो स्वतःच्या ठेवणं, अशी आहे. म्हणजे तिथला स्वस्त भाव हा रोकडीच्या वेगाचा परिणाम आहे, आणि त्यामागे पंधरा वर्षांचा संयम आहे. यातला वेग आणि संयम लहान दुकानदाराने जरूर उचलावा. नुसता भाव उचलला तर त्याच्याकडे त्या भावाचा पायाच नसेल.

लहान धंद्याकडे विकायला दुसरी गोष्ट असते, ती म्हणजे जवळीक. ऐन गाळपात रात्री दोनला कन्व्हेअरची साखळी तुटली किंवा पंपाचा शाफ्ट गेला, तर कारखान्याला पुण्याचा पुरवठादार काय कामाचा? तोवर बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते, गाडीतला ऊस वाळत जातो आणि उतारा घसरतो. अर्ध्या तासात येऊन लेथवर शाफ्ट फिरवून देणाऱ्या वर्कशॉपचं मोल त्या रात्री लोखंडाच्या किलोवर ठरत नाही. पण आपले बहुतेक वर्कशॉपवाले रात्री दोनच्या कामाचं बिलही किलोवरच लावतात. हाच नियम इतरांनाही लागू आहे. पंप विकणारा दुकानदार बसवून देतो, बिघडला तर त्याच दिवशी माणूस पाठवतो. बेकरीवाला लग्नघरची ऑर्डर आदल्या रात्री बदलून देतो. या सेवेचा दर वेगळा लिहावा: तातडीच्या कामाचा आकार वेगळा, घरपोच बसवणीचा वेगळा, वार्षिक देखभालीचा करार वेगळा. वाढ म्हणजे दर वेळी नवं गिऱ्हाईक नव्हे. आहे त्याच गिऱ्हाइकाची दुसरी आणि तिसरी गरज भागवणं ही लहान धंद्याची सगळ्यात स्वस्त वाढ आहे, कारण तिथे ओळख नव्याने करावी लागत नाही आणि पैसे बुडण्याची भीतीही कमी असते.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. आजचे मोठे सगळे कधीतरी लहानच होते; सावधपणे चालले असते तर मोठे झालेच नसते, मग लहानांना सावधपणाचा उपदेश कशासाठी? या आक्षेपाला श्रीरामपूरच्या परिसराचा इतिहासच उत्तर देतो. हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आणि टिळकनगरचा कारखाना हे लहानाचे मोठे झालेले धंदे नव्हेत. साखर कारखाना हा धंदाच असा, की तो सुरुवातीपासून मोठा असावा लागतो. मुंबईचं भांडवल, हजारो एकरांचं ऊसक्षेत्र आणि कालव्याचं पाणी यांच्या आधारावर ते उभे राहिले. आणि तेवढा आकार असूनही ते अढळ राहिले नाहीत. 1961 च्या जमीनधारणा कायद्याने कारखान्यांच्या जमिनी गेल्या, त्या पुढे शेती महामंडळाकडे आल्या. हरेगावचा कारखाना बंद पडला आणि टिळकनगरच्या कंपनीला साखर सोडून दुसरा धंदा धरावा लागला. मोठा आकार हा विमा नसतो, हे इथल्या मातीत दिसतं.

याच परिसरात, शेजारच्या लोणीला तिसरा रस्ताही निघाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि 1950-51 च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. त्यातला एकही शेतकरी त्यासाठी मोठा जमीनदार झाला नाही. प्रत्येकाचं शेत होतं तेवढंच राहिलं, मशागत ज्याची त्याने केली; एकट्याला न झेपणारी गोष्ट, म्हणजे कारखाना, तेवढी सगळ्यांनी मिळून केली. धंद्यासाठी यातला धडा नेमका आहे. ज्या कामात आकाराचा फायदा आहे ते एकत्र करावं, ज्या कामात जवळीक आणि नजर लागते ते आपल्यापाशी ठेवावं. चार वर्कशॉपांनी मिळून लोखंडाचा ट्रक मागवला तर किलोमागे दर उतरतो आणि प्रत्येकाला महिन्याचा साठा भरून ठेवावा लागत नाही. आपल्या उदाहरणातले 3 लाख 60 हजार त्यातून सुटू लागतात. मसाला, लोणची, बेकरीवाल्यांना एकत्र पॅकिंग मशीन किंवा तपासणीची सोय परवडते. केंद्राच्या क्लस्टर विकास योजनेत अशा सामायिक सुविधा केंद्रांना अनुदान आहे, आणि 2020 पासूनच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत एकेका उद्योगालाही प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळतं. यावर कोणी म्हणेल, सहकाराचं नाव कशाला काढता, राज्यातले किती सहकारी कारखाने कर्जात बुडाले, विकले गेले! खरं आहे. म्हणूनच सुरुवात संस्थेपासून न करता एका व्यवहारापासून करावी. पहिला ट्रक चौघांचा, प्रत्येकाचे पैसे आगाऊ, वजनकाट्याची पावती चौघांच्या मोबाइलवर. तीन-चार व्यवहार स्वच्छ पार पडले की मगच कायमची रचना करावी. एकत्र येण्यात अपयश बहुधा तिथे येतं, जिथे हिशेब एकाच्या हातात आणि विश्वास बाकीच्यांच्या माथी असतो.

मग कर्ज घ्यायचंच नाही का? घ्यायचं, पण क्रमाने. वसुलीचा वेग वाढवून, साठा कमी करून, मालकाचा वेळ मोकळा करूनही हातचं काम पुरं होत नसेल आणि ते काम निदान दोन हंगाम टिकलेलं असेल, तर मशीनसाठी कर्ज घेणं शहाणपणाचं आहे. मशीनसाठी मुदत कर्ज आणि रोजच्या मालासाठी कॅश क्रेडिट, ही विभागणी मोडू नये. कॅश क्रेडिटमधून मशीन घेतली की माल आणायला पैसा उरत नाही आणि नवी मशीन झाकून ठेवायची वेळ येते. मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंत आणि आधीचं ‘तरुण’ गटातलं कर्ज फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंत कर्ज मिळतं. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पतहमी योजनेत तारणाशिवायच्या कर्जाला हमी मिळते आणि तिची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटी झाली आहे. घर तारण ठेवण्याआधी बँकेत या हमीविषयी लेखी विचारणा करावी. ‘उद्यम’ची नोंदणी केली, व्यवहार बँकेतून केले तर कर वाढेल, ही भीती बऱ्याच जणांना मागे ओढते. तिचा हिशेबही करून पाहावा. बिनबिलाच्या विक्रीत जो कर वाचतो त्याच्या बदल्यात बँकेतली पत, वेळेवर पैसे मिळण्याचं कायद्याचं बळ आणि मोठ्या खरेदीदाराचं दार या तिन्ही गोष्टी जातात. केंद्र सरकारच्या खरेदीत 25 टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी ठेवलेला आहे. बिल न फाडणाऱ्याला तो नाही. वाढलो तर ‘लहान’ म्हणून मिळणारे फायदे जातील, ही दुसरी भीती तर आता जवळजवळ निराधार आहे. 1 एप्रिल 2025 पासूनच्या व्याख्येत यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 10 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही ‘सूक्ष्म’च गणला जातो, आणि लघु उद्योगाची मर्यादा 25 कोटी आणि 100 कोटी आहे.

हे सगळं एका संध्याकाळी तपासून पाहता येतं. बिल पाठवल्यापासून पैसा येईपर्यंत सरासरी किती दिवस लागतात, किती दिवसांचा माल पडून आहे, सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा धंद्यात वाटा किती आणि मालक आठ दिवस गावाला गेला तर किती कामं अडतात, हे चार आकडे एका कागदावर लिहावेत आणि दर तीन महिन्यांनी त्याच कागदावर पुन्हा लिहावेत. चारही आकडे उतरत असतील तर विक्री स्थिर असली तरी धंदा वाढतो आहे, असं समजावं. विक्री वाढते आहे आणि हे आकडेही चढताहेत, तर नवी ऑर्डर घेण्याआधी थांबावं, गरज पडली तर ती नाकारावी. मोठी कंपनी बाजारातला वाटा टिकवण्यासाठी काही वर्षं तोट्यातही चालू शकते; लहान धंद्याला ती मुभा नाही, पण गिऱ्हाईक आणि वेळ निवडण्याचं स्वातंत्र्य मात्र त्याच्याकडे जास्त आहे. दसऱ्याच्या सुमारास कारखान्याचे बॉयलर पेटतात, त्याआधी कारखान्यात उसाच्या नोंदी तपासून झालेल्या असतात. हा चार आकड्यांचा कागदही त्याच सुमारास, हंगामाचा पैसा बाजारात उतरण्याआधी लिहून झालेला असावा.